ऑपरेशन झालेल्या घोडीचा ताप कुठला?

पत्र (थोडक्यात):

काका, सा. न.

मी इंदूरला सुदामानगरात राहते. राऊजवळ आमचं थोडं शेत आहे, तिथल्या तबेल्यात आमची रेवा असते. मारवाडी घोडी, वय ९, वजन साधारण ४०० किलो. मध्यंतरी ती पुण्याजवळ ट्रेनिंगला ठेवली होती. तिथे पोटशूळ उठला आणि तिकडेच ऑपरेशन झालं. कागदावर लिहिलंय की मोठं आतडं जागचं सरकलं होतं, त्याला चीर देऊन आतला माल काढला, आतडं परत जागेवर बसवलं, कुठलाही भाग कापून टाकलेला नाही. १५व्या दिवशी ट्रकने इंदूरला आणली. आज २०वा दिवस.

गेले चार दिवस ती अर्धंच खाते. मधूनच वरचा ओठ उलटते, पोटाकडे वळून बघते, बसते आणि उठते. लीद कमी, गोळ्या लहान आणि कोरड्या. टाक्यांच्या पुढच्या टोकाला तळहाताएवढी सूज आहे, चिकट पिवळं पाणी येतं. नाडी ४८. काल संध्याकाळी फ्लुनिक्सिनचं (दुखणं कमी करणारं) इंजेक्शन दिल्यावर तासाभराने ताप १०१.८ होता. ते इंजेक्शन ऑपरेशनपासून चालूच आहे, आता सईस सकाळ-संध्याकाळ मानेत देतात. खायला गव्हाचा भुसा आणि चोकर (कोंडा).

इथल्या डॉक्टरांनी पोटातलं पाणी काढून तपासलं. पेशी ३८,०००, प्रोटीन ४.२. ते म्हणतात, पोटात पू आहे, पुन्हा उघडावं लागेल. दादा म्हणतो, इंजेक्शन दिलं की खाते ना, मग ठीक आहे. आजोबा हिंग, ओवा, काळं मीठ तेलातून पाजायला सांगतात. अक्षय तृतीयेला चुलतभावाचं लग्न आहे, वरातीला रेवाच हवी असा घरात हट्ट आहे. कुणाचं ऐकू?

तुमची एक वाचक, इंदूर

उत्तर:

तू मला काका लिहिलंस, म्हणून मीही एकेरीवर येतो. तुझं पत्र सदराची वाट बघत ठेवण्यासारखं नव्हतं, त्यामुळे हे उत्तर तुला आधीच पाठवलंय. इथे छापतोय ते बाकीच्या घोडेवाल्यांसाठी.

आधी आजोबांचं बघू, कारण त्यात आजच जीव जाऊ शकतो. घोड्याच्या तोंडात तेल ओतलं की त्यातलं काही श्वासनळीत उतरतं, आणि फुप्फुसात गेलेलं तेल बाहेर काढायला औषध नाही. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही. जठर मावेल त्यापेक्षा जास्त भरलं तर ते फाटतं. घोड्याला पोटात काही द्यायचं असेल तर ते डॉक्टर नाकातून जठरात नळी घालून देतात, आणि तेही आधी आत काय साचलंय ते बाहेर काढून पाहिल्यावर. आजोबांना माझा नमस्कार सांग आणि बाटली कपाटात ठेव.

आता ३८,००० या आकड्याबद्दल, कारण तुझ्या घरातलं सगळं भांडण त्याच्यावरून चाललंय. निरोगी घोड्याच्या पोटातल्या, म्हणजे आतड्यांभोवतीच्या, पाण्यात एका मायक्रोलिटरमागे पांढऱ्या पेशी साधारण ५,००० च्या आत असतात आणि प्रोटीन डेसिलिटरमागे २.५ ग्रॅमच्या आत. या मापाने तुझा रिपोर्ट वाईटच दिसतो. पण हे माप न उघडलेल्या पोटाचं आहे. पोट उघडून आतडी हाताळली, धुतली, परत ठेवली, की काहीही बिघडलेलं नसताना पेशी मर्यादेच्या कित्येक पट चढतात आणि सावकाश उतरतात. प्रोटीन तर आठवडेच्या आठवडे वर राहतं. म्हणून ऑपरेशननंतर नुसत्या पेशी मोजून ‘पोटात पू’ असं निदान करता येत नाही. तुमचे डॉक्टर चुकले असं मी म्हणत नाही. तिसऱ्या आठवड्यात हा आकडा बराच खाली आलेला मला आवडला असता, त्यामुळे त्यांची काळजी रास्त आहे. फक्त या एका आकड्यावर चारशे किलोचं जनावर पुन्हा भूल देऊन आडवं करायचं नसतं.

तेच पाणी पुन्हा काढायला सांग, पण या वेळी दोन नमुने एकाच वेळी: एक पोटातल्या पाण्याचा, एक रक्ताचा. दोन्हींत ग्लुकोज मोजायचं. पोटात जंतू असतील तर ते आणि त्यांच्याशी लढणाऱ्या पेशी पाण्यातली साखर खाऊन टाकतात. रक्तातली साखर पाण्यातल्या साखरेपेक्षा डेसिलिटरमागे ५० मिलिग्रॅमहून जास्त निघाली, किंवा पाण्यातली साखर ३० च्या खाली गेली, तर जंतूंचा संशय पक्का होत जातो. पाण्याचा पीएच ७.३ च्या खाली असणं हीसुद्धा त्याच बाजूची साक्ष. फरक थोडाच निघाला तर ३८,००० चा धाक पुष्कळ कमी होतो.

ही तपासणी इंदूरमधली माणसांची कुठलीही बरी पॅथॉलॉजी लॅब करून देईल, घोड्याचा नमुना म्हणून हसतील तेवढंच. पण नळ्या नीट घ्यायला हव्यात. साखरेसाठी फ्लोराइडची, करड्या बुचाची नळी. साध्या नळीत पेशी वाटेतच साखर संपवतात आणि राऊहून लॅबपर्यंत जाईतो खोटाच भयंकर रिपोर्ट तयार होतो. पेशींसाठी जांभळ्या बुचाची. उरलेलं पाणी निर्जंतुक नळीत, कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला. आणि मशीनच्या मोजणीवर थांबू नका, काचपट्टीवर थर देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला लावा. पेशींच्या पोटात जंतू दिसले, किंवा पेशी फुगून विरत चाललेल्या दिसल्या, तर मग बाकीच्या आकड्यांची वाट बघायची गरज नाही. झाडपाल्याचे कण दिसले तर एकतर आतडं गळतंय, नाहीतर सुई आतड्यात गेली होती. म्हणून सुई सोनोग्राफीखाली घालायची, आणि टाक्यांपासून लांब. सुजलेल्या जखमेतून सुई नेली तर जखमेतलाच पू पोटात जातो, आणि नमुन्यातही.

आता इंजेक्शन. तुझ्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट हीच. फ्लुनिक्सिन उत्तम औषध आहे, पण ते दुखणं झाकतं आणि तापही झाकतो. दादा म्हणतो इंजेक्शन दिल्यावर खाते. तर इंजेक्शन दिल्यावर खाल्लं यावरून घोडीबद्दल काहीच कळत नाही, औषध चाललं एवढंच कळतं. उलट बघ, दिवसातून दोनदा ते चालू असताना, आणि दिल्यावर तासाभराने, ताप १०१.८ आहे. म्हणजे झाकूनही उरलेला ताप. घोड्याला ९९ ते १०१ चालतो. खरा ताप किती हे आज कुणालाच माहीत नाही. पुढचं इंजेक्शन द्यायच्या आधी मोजा, तो आकडा खरा. खाणं, लीद, नाडी यांची नोंदही त्याच वेळेची धरा.

हे औषध ऑपरेशननंतर सहसा पहिल्या काही दिवसांपुरतंच असतं. वीस दिवस सलग म्हणजे जठरात व्रण आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या वरच्या भागाला सूज, दोन्हींना आमंत्रण. ही दुसरी गोष्ट मुद्दाम सांगतोय, कारण तिची लक्षणं तुझ्या पत्रात जवळजवळ जशीच्या तशी आहेत: अधूनमधून हलकं दुखणं, अर्धं खाणं, मलूलपणा. पुढे जुलाब लागतात, पोटाखाली पाणी उतरतं. म्हणजे दुखतंय म्हणून आपण इंजेक्शन देतोय आणि इंजेक्शनमुळेच दुखतंय, असंही असू शकतं. रक्तात अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) मोजा, ते खाली गेलं असेल तर हा संशय घट्ट होतो. सोनोग्राफीत उजव्या बाजूला, ११व्या ते १३व्या बरगडीच्या दरम्यान, यकृताच्या मागे आतड्याची भिंत जाड दिसते का ते बघायला सांगा. औषध बंद करायचं की बदलायचं हे डॉक्टर ठरवतील, पण तो प्रश्न त्यांना आजच विचार. आणि सईसांना सांग, मानेत टोचणं आत्ता थांबवा. फ्लुनिक्सिन मांसात दिलं की कधीकधी तिथे सडणारे जंतू वाढतात, मान फुगते, दाबली की चरचरते, आणि घोडा दोन दिवसांत जाऊही शकतो. ते शिरेतून द्यायचं असतं, आणि डॉक्टरांनीच.

ऑपरेशननंतरची दुखणी आपापल्या वेळेला येतात, आणि निदानात या वेळापत्रकाचा फार उपयोग होतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत भीती असते ती आतडी चालू न होण्याची. जठरात पाणी साचतं, नळी घातली की लिटरच्या लिटर बाहेर येतं. आतला रक्तस्रावही याच काळातला. मग जुलाब, खुरांची सूज, शिरेत ठेवलेल्या सुईच्या जागी शीर दोरीसारखी कडक होणं. पोटाच्या आवरणाला जंतू लागायचे तर बहुधा पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात समजतं, आणि तेव्हा घोडं चांगलंच आजारी दिसतं: नाडी चढलेली, हिरड्या लालसर-जांभळ्या, डोळे खोल गेलेले. रेवा पंधरा दिवस बरी राहिली, ट्रकचा प्रवास करून आली, आणि मग बिघडली. आतडं कापून जोडलेलंही नाही, म्हणजे जोड गळण्याचा किंवा जोडापाशी अडण्याचा प्रश्न नाही. ही फार मोठी सुटका आहे आणि ती तुझ्या हातातल्या कागदात लिहिलेली आहे. तो कागद इथल्या डॉक्टरांनी वाचलाय का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही.

मग तापाचं काय? माझा पहिला संशय जखमेवर आहे. पोटाखालच्या टाक्यांभोवती पहिल्या आठवड्यात सूज येतेच. ती मऊ असते, बोट दाबलं की खळगा पडतो, दुखत नाही, आणि उतरत जाते. २०व्या दिवशी एकाच टोकाला नवी सूज, आणि त्यातून चिकट पाणी, हे वेगळं. हातमोजा घालून हात लाव. गरम लागली, रेवाने पाय झाडला, तर आत पूची पिशवी असणार. तिथे सोनोग्राफीचा प्रोब ठेवला की पाच मिनिटांत दिसतं किती खोल आहे, पोटाच्या भिंतीपर्यंत पोचलंय की कातडीखालीच आहे. पू असेल तर त्याला वाट करून द्यावी लागते. वरचा भाग स्वच्छ करून आतल्या पूचा नमुना कल्चरला पाठवायचा, आणि तो अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. मधल्या काळात जखम उघडी ठेवू नका. तुमच्याकडे एप्रिलमध्ये माश्यांचा जो सुकाळ असतो, त्यात पोटाखाली ओली जागा म्हणजे दोन दिवसांत अळ्या. स्वच्छ पॅड, त्यावर रुंद पोटपट्टा, भिजला की बदलायचा.

दुसरा संशय छातीवर, आणि हा सगळ्यांच्याच नजरेतून सुटतो. पोटाचं ऑपरेशन झालं की प्रत्येकजण पोटाकडेच बघत बसतो. तुमची घोडी भूल घेऊन उठलेली, कमी खाणारी, आणि तिला पुणे ते इंदूर जवळजवळ सहाशे किलोमीटर ट्रकने आणली. घोडा डोकं खाली घालून नाक आणि घसा मोकळा करतो. ट्रकमध्ये डोकं उंच बांधलं की घाण फुप्फुसात उतरते, आणि चार-पाच दिवसांत न्यूमोनिया किंवा छातीत पाणी. बिघाड सुरू झाला तोही नेमका प्रवासानंतरच. विश्रांतीत श्वास मोज, मिनिटाला ८ ते १६ हवेत. खोकला आहे का, नाकातून काही येतंय का, छातीच्या बाजूला हात दाबला तर कण्हते का? पोटाची सोनोग्राफी होईल तेव्हा प्रोब दोन वीत पुढे सरकवून छातीही बघायला सांग. मानेतली शीरही चाचपून घ्या, दोरीसारखी कडक लागते का ते.

राहिलं पोटातलं हलकं दुखणं आणि कोरडी लीद. इथे मला चारा दोषी वाटतो. ऑपरेशन झालेलं मोठं आतडं आणि गव्हाचा भुसा ही जोडी कुणी जमवली? भुसा कोरडा, चिवट, आतड्यात पाणी कमी पडलं की ढेप धरतो. घोडं दिवसाला साधारण ८ ते १२ वेळा लीद टाकतं. रेवाच्या गोळ्या मोजून लिही, म्हणजे ‘कमी’ म्हणजे किती ते डॉक्टरांना कळेल. भुसा बंद. हिरवं गवत थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा, हातात धरून चारलं तरी चालेल. चांगलं वाळलेलं गवत भिजवून. हौदातलं पाणी बादलीने मोजून द्या म्हणजे किती प्यायली ते समजेल. ४०० किलोच्या घोडीला एरवीही २० लिटरच्या वर लागतं, या उन्हात त्याहून पुष्कळ जास्त.

तरी डॉक्टरांनी गुदद्वारातून हात घालून आतडं चाचपायलाच हवं, कारण एकदा सरकलेलं आतडं पुन्हा सरकू शकतं. सोनोग्राफीत डावा मूत्रपिंड दिसतो की त्याच्यापुढे वायूने भरलेलं आतडं आडवं आलंय, हे पाहिलं की एक मोठी शक्यता निकालात निघते. लहान आतड्याची वेटोळी सैल, हलती आणि भिंत ३ मिलिमीटरच्या आत असेल तर चांगलं. फुगलेली, निश्चल, एकाला एक लागून रचलेली दिसली तर वाईट. आतडी एकमेकांना किंवा भिंतीला चिकटणं हेही याच काळातलं, ऑपरेशननंतरच्या दोन महिन्यांतलं दुखणं आहे. पण चिकटलेली जागा सोनोग्राफीत क्वचितच सरळ दिसते, आणि लहान आतडं न कापलेल्या घोडीत ती माझ्या यादीत खाली आहे.

पुन्हा पोट उघडायचं ते कधी? वेदनाशामक देऊनही दुखणं थांबत नसेल, नाडी ६० च्या वर जाऊन तिथेच राहत असेल, जठरातून पुन्हा पुन्हा पाणी निघत असेल, लहान आतडं फुगत चाललं असेल, किंवा साखरेची तपासणी आणि काचपट्टी दोन्ही जंतूंकडे बोट दाखवत असतील. यातलं एकही आज तुझ्या पत्रात नाही. नाडी ४८ म्हणजे थोडी चढलेली, पण निरोगी घोड्याची ४४ पर्यंत असते. ती जबड्याखालच्या धमनीवर बोट ठेवून दिवसातून चारदा मोज: सकाळ, दुपार, संध्याकाळ, आणि रात्री झोपायच्या आधी. रात्रीची सईसांवर सोडू नकोस. नाकातून हिरवट पाणी आलं, हिरड्यांचा रंग बदलला, ती घामाघूम होऊन लोळू लागली, किंवा बारा तास लीदच झाली नाही, तर आकड्यांचा हिशेब न करता डॉक्टरांना बोलाव, रात्रीचे दोन का वाजलेले असेनात.

कुठे न्यायची? पुण्याला परत नाही, तो प्रवास आता तिला झेपणार नाही. तुमच्याजवळ महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५५ पासूनचं. राऊहून तासाभराच्या आतला रस्ता. आधी फोन करून सोनोग्राफीची वेळ आणि मोठ्या जनावरांचे सर्जन हजर आहेत ना ते विचार. ट्रकमध्ये डोकं उंच बांधू नका. आणि निघण्याआधी पुण्याच्या सर्जनला फोन लाव. पोटात काय दिसलं, आतड्याचा रंग कसा होता, भिंत कुठल्या धाग्याने शिवली, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. महूच्या डॉक्टरांना फोनवर जोडून दे. दोन डॉक्टर आपसात दहा मिनिटं बोलले तर घरातली चार माणसं चार दिवस भांडायची थांबतील.

वरातीचं म्हणशील तर, नाही. पोटाची भिंत एका महिन्यात जुळत नाही. जखम अगदी स्वच्छ असती तरी महिनाभर तबेल्यातच, हातात दोर धरून थोडं चालवणं तेवढं. दुसरा महिना लहान आवारात. आणि स्वाराचं वजन पाठीवर तीन महिन्यांच्या आत नाही. पिकलेल्या जखमेत हर्निया होण्याचा धोका कितीतरी वाढतो, आणि तो दिसायलाही दोन-तीन महिने लागतात. त्यात बँडचा दणका, फटाके, घाबरून मारलेली एक उडी. दादाला सांग, नवरदेवाला उघड्या जीपमधून आणा. घरातली म्हातारी माणसं दोन दिवस कुरकुरतील.

ग्लुकोजचे दोन्ही आकडे, अल्ब्युमिन आणि काचपट्टीचा रिपोर्ट एकाच कागदावर लिहून मला पाठव. इंजेक्शनआधीचा ताप आणि नाडी तारीख-वेळेसकट त्यांच्याच खाली लिही.